जुना टचस्क्रीन घेताना तो तापवून पाहा

संपादक महोदय,

पिकअप गाड्यांचे जुने टचस्क्रीन डिस्प्ले सांगली-मिरजेत ‘चालू आहे’ एवढ्या शब्दावर विकले जातात. पण स्क्रीन पेटणे वेगळे आणि टच चालणे वेगळे. चित्र दाखवणारा एलसीडी खाली असतो. बोट ओळखणारी काच बहुतेक डिस्प्लेंत त्यावर चिकटवलेली असते. उन्हात उभ्या गाडीत हा चिकटा सुटतो, कडेला बुडबुडे येतात आणि स्क्रीन आपोआप बटणे दाबू लागतो. थंड असताना हा दोष लपतो. म्हणून 12 व्होल्टच्या बॅटरीवर अर्धा तास चालवून, तापल्यावरच बोट कडेपासून कडेपर्यंत फिरवून पाहावे. विक्रेता घाई करत असेल तर समजून जावे.

मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला तोच, पण कनेक्टर वेगळा, असे सर्रास होते. काही युनिट मूळ गाडीच्या चेसिस नंबरशी बांधलेले असतात. दुसरीकडे बसवले की कोड मागतात. तो कोड पैसे देण्याआधी घ्यावा.

नुसती वरची काच फुटली असेल, तर अख्खे युनिट कशाला? टच काच सुटी मिळते. काचेला जोडलेल्या चपट्या रिबन केबलच्या पिना मात्र मोजून घ्या. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी.

विकणाऱ्यांनी फोनचे नंबर आणि पत्ते पुसून, युनिट फॅक्टरी रीसेट करूनच द्यावे. बिलावर सिरीयल नंबर हवाच. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार गुन्हा आहे.

– काही मोटार इलेक्ट्रिशियन, सांगली