दादांच्या नाकासाठी

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

गुडघा कुरकुरतो, बाकी प्रकृती ठीक आहे. पत्रास कारण दादांची साठी. सुऱ्याच्या मनगटावरचे लुई व्हितोंचे ‘इमॅजिनेशन’ हे परफ्यूम हुंगल्यापासून त्यांनी ‘लिंबू घातलेला कोरा चहा’ असा जो धोशा लावला आहे, तो तू ऐकलाच आहेस. मूळ बाटली आपल्या ऐपतीबाहेरची, म्हणून मी तिची स्वस्त नक्कल मागवली. आणि आता ती दादांना द्यावी की नाही, हे काही केल्या ठरत नाही.

नक्कल टाकाऊ असती तर प्रश्नच मिटला असता. सुऱ्याकडून कुपीभर अस्सल मागून घेतले आणि एका मनगटावर ते, दुसऱ्यावर हे, असे लावून पाहिले. कागदाच्या पट्टीवर तर दोहोंत फरक करणे कठीण जाते. जाक काव्हालिए यांनी २०२१ साली रचलेल्या मूळ सुगंधात बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ, आले, काळा चहा आणि तळाशी अँब्रॉक्सन, म्हणजे अंबरासारखा वास देणारे प्रयोगशाळेतले द्रव्य, आहे. लिंबूवर्गीय द्रव्ये हलकी, ती आधी उडणारच. पण अस्सलात ती ओसरताना चहाची किंचित धुरकट, तुरट बाजू वर येते, तर नकलेत मधला चहा जवळजवळ गाळून थेट अँब्रॉक्सनचा कोरडा, स्वच्छ वास उरतो, आणि तो मात्र सदऱ्याला दुसऱ्या दिवशीही सोडत नाही. कोणते कोणते हे न सांगता सुधाला दोन्ही हुंगायला दिले, तेव्हा तिने बेधडक नक्कल निवडली.

महागाचे कौतुक करणाऱ्यांचे नाक खिशात असते, असे तू म्हणशील. हॉस्टेलात माझ्या हिन्याच्या अत्तराला उदबत्ती म्हणणाराही तूच, तेव्हा तुझे मत मी जपूनच घेतो. परंतु दादा म्हणजे सुधा नव्हे. कोरडी पत्ती हुंगून दार्जिलिंगची पहिली तोडणी कोणती आणि दुसरी कोणती हे सांगणाऱ्या माणसाला नेमका चहाच नसलेला चहा कसा द्यावा? एलिझाबेथ आर्डनचे ‘ग्रीन टी’ही मनात आले. फ्रान्सिस कुर्कजियान यांची ती १९९९ सालची रचना स्वस्त असूनही कुणाची नक्कल म्हणून मिरवत नाही. पण तो हिरवा चहा, आणि दादा त्याला औषध म्हणतात.

माझा कल नक्कलच द्यावी, पण ती नक्कल आहे हे आधीच सांगून, याकडे झुकतो आहे. सुऱ्याच्या मते न सांगणेच बरे.

चिमीची बारावी कशी गेली? घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार. बाटली परत करण्याची मुदत शनिवारी संपते, त्याआधी उत्तर दे.

तुझा,
वसंता