सई, काम चालू असतानाच लिहून ठेव

प्रिय सई,

परवा फोनवर तू म्हणालीस ना, बाबा मी काम करू की लिहीत बसू, सर म्हणतात स्टुडिओची नोंद ठेवा, प्रोसेस लिहा, फोटो काढा, आणि मला तर छापचित्राच्या प्लेटवरून उठावंसंच वाटत नाही. तेव्हा आपल्या गणपतीच्या कारखान्यात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून नीट बोलता आलं नाही, पण डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून आज रात्री लिहायला बसलोय. माझं मत विचारशील तर नोंद ठेवच. आणि काम संपल्यावर नाही, चालू असतानाच.

आजोबांच्या वेळी आपल्याकडे एक जुने कारागीर होते, तुला आठवणार नाहीत, गणपतीच्या अंगाचा रंग फक्त तेच कालवायचे. पांढऱ्यात थोडा पिवळा, थोडा तांबडा आणि शेवटी आणखी कसलातरी अगदी चिमूटभर. समईच्या उजेडात तो रंग असा काही दिसायचा की मुंबईची गिऱ्हाइकं तीच मूर्ती हवी म्हणून अडून बसायची. ते गेले आणि त्यांच्याबरोबर तो रंगही गेला. डबे राहिले, ब्रश राहिले, प्रमाण कुणाकडेच नाही. आजोबांनी खूप खटपट केली, नंतर मीही केली, जवळपास येतो पण तोच येत नाही. आपली ती डाग पडलेली वही तेव्हापासूनची आहे. प्रत्येक शेडचा ठिपका आणि शेजारी कशात किती घातलं ते, आणि ठिपका वाळला की मगच पुढचं लिहायचं, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग कधी एक नसतो.

तुझं काम तर याहून नाजूक. गेल्या वेळी पेणला आलीस तेव्हा एकाच चित्राच्या दोन प्लेटांची प्रूफं, म्हणजे चाचणीचे छाप, दाखवलेलीस, एकात काळा कसा मखमलीसारखा आलेला आणि दुसऱ्यात तोच भाग करडा, मधेमधे पांढरे कण. मी विचारलं हे कशाने झालं तर म्हणालीस, बहुतेक ॲसिड जुनं झालेलं, नाहीतर रोझिनची, म्हणजे राळेची, पावडर नीट बसली नसेल. हे 'बहुतेक' मला खटकलं गं. तूच मला शिकवलंयस की प्लेट कोरणारं नायट्रिक ॲसिड वापरून वापरून मंद होतं, उकाड्यात भराभर खातं आणि बडोद्याच्या थंडीत तीच जस्ताची प्लेट जास्त वेळ ठेवावी लागते, ॲक्वाटिंटला, म्हणजे सावळे भाग उतरवताना, पावडर किती पडली आणि खालून किती तापवली यावर सगळा दाणा ठरतो. एवढ्या गोष्टी एकदम बदलत असताना कशाने काय झालं हे पंधरा दिवसांनी आठवेल कसं? ॲसिड ताजं की वापरलेलं, हवा गार की गरम, ॲसिड अडवणारं स्टॉप-आऊट कुठे लावलं, प्लेट किती मिनिटांनी काढली, एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, प्लेट ॲसिडमध्ये असते तेव्हा तू नाहीतरी पिसाने बुडबुडेच झटकत उभी असतेस, दुसरा हात मोकळा असतो. ग्लोव्ह काढून लिही मात्र.

आणि प्रूफाच्या मागे शिसपेन्सिलीने तारीख, कागद, शाई लिहायची सवय लाव, बॉलपेन नको, त्याची शाई कागदात उतरते आणि पुढून दिसायला लागते.

आता मिनिटं आणि ॲसिड हा झाला एक भाग. माझ्या मते खरी नोंद दुसरीच आहे, की तू हे का केलंस. तूच मला डच चित्रकार रेम्ब्रांटची ती तीन क्रुसांची प्रिंट दाखवलेलीस, १६५३ ची. आधीच्या स्टेटमध्ये, म्हणजे प्लेटच्या आधीच्या टप्प्यावरच्या छापात, वरून प्रकाश पडतोय, खाली गर्दीतला माणूस न् माणूस दिसतो, आणि चौथ्या स्टेटला त्याने प्लेट घासून कित्येक माणसं पुसून टाकली, नवी आणली आणि काळ्या रेघांचा नुसता पाऊस पाडला. मधल्या प्रिंट्स राहिल्या म्हणून त्याचा हात कसा फिरला हे आज आपल्याला दिसतं. पण असं का करावंसं वाटलं, त्या दिवशी प्लेटकडे बघून त्याच्या मनात काय आलं, ते काही प्रिंटमध्ये नाही. मला ते वाचायला फार आवडलं असतं.

चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या डायऱ्या आठवतायत ना? २०१९ ला मुंबईत एनजीएमएला, म्हणजे आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात, त्यांचं मोठं प्रदर्शन लागलेलं, ते मूळचे आपल्या अलिबागजवळच्या नागावचे म्हणून मी तुला मुद्दाम घेऊन गेलेलो. तू शाळेत होतीस. मोठ्या कॅनव्हासपुढे थांबली नाहीस तेवढी त्या डायऱ्यांपुढे रेंगाळलीस, बारकी बारकी रेखाटनं आणि शेजारी लिखाण. एक साधी वस्तू आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा, यावर तो माणूस वर्षानुवर्षं विचार करत होता, आणि त्या डायऱ्या बघितल्यावर मग चित्रंही मला वेगळी दिसायला लागली.

तू म्हणशील मला एवढं लिहिता येत नाही. मग तुझ्याच बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत १९७२ पासून शिकवायच्या त्या चित्रकार नसरीन मोहम्मदींचं बघ. त्यांच्या डायरीची पानं म्हणजे कधी थोडेसे शब्द आणि बाकीच्या ओळी चक्क शाईने भरून टाकलेल्या. तरी आज लोक त्यांच्या रेघा समजून घ्यायला त्याच डायऱ्यांकडे जातात. तेव्हा सुंदर वाक्यं नकोत, इंग्रजी तर मुळीच नको, डोक्यात मराठी आलं तर मराठीच लिही, "आज हा कोपरा जड वाटला म्हणून घासला" एवढं पुरे.

फसलेलं मात्र टाकू नकोस. तुम्ही मुलं चांगली निघालेली प्रिंट तेवढी ठेवता आणि बाकीच्या फाडून त्यावर रोलर पुसता, मला बघूनच कसंतरी होतं. फसलेल्या प्रूफावर जास्त लिही, कारण तिथेच तू काहीतरी नवीन करायला गेलेली असतेस.

फोटो दुपारी सावलीत काढ, खिडकीशी, फ्लॅश बंद, फोन कागदाला अगदी समांतर धर नाहीतर चौकट तिरकी येते. प्लेटचा फोटो काढताना उजेड बाजूने येऊ दे, म्हणजे खोदलेलं कळतं. नुसती प्लेट नको, टेबल, चिंध्या, शाईचे डबे, भिंतीवर चिकटवलेले कागद, सगळं येऊ दे. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट, त्यांनी खेडोपाडी फिरून भिंतीवरच्या, अंगणातल्या चित्रांचे फोटो काढून ठेवले, त्यातल्या कितीतरी भिंती आज उरल्याही नसतील, आणि त्यांच्या फोटोत नुसतं चित्र नसतं, ते काढणारी बाई, घर, दार सगळं असतं, म्हणून त्याला अर्थ येतो. फोटो फोनमध्येच ठेवू नकोस, अजून एका ठिकाणी कॉपी असू दे.

लोकांना दाखवायचं की नाही हे नंतर बघ. परीक्षेच्या ज्युरीला उपयोग होईल, पुढे मागे कुणाला शिकवशील तेव्हाही होईल, पण लिहिताना समोर कुणी बसलंय असं धरू नकोस, नाहीतर तू खोटं लिहायला लागशील, प्रत्येक रेघेमागे काहीतरी मोठा विचार होता असं. नसतो गं तसा. मी चाळीस मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो तेव्हा एखादीच्या डोळ्यात काहीतरी वेगळं उतरतं आणि मी थांबून बघतो की पापणीची रेघ या वेळी कुठून सुरू केली. वहीत मी तेवढंच लिहितो, "आतल्या कोपऱ्यातून, हात न उचलता".

शेजारचे काका गुरुवारी बडोद्याला येतायत, त्यांच्याकडे जाड कागदाची वही देतोय, शिवलेली आहे, स्पायरलची नाही, पानं सुटणार नाहीत. ॲसिडपासून लांब ठेव. पहिल्या पानावर त्या दोन प्रूफांबद्दलच लिही, आठवतंय तेवढं, आणि मग तेच चित्र नव्या प्लेटवर ताज्या ॲसिडने पुन्हा करून बघ आणि नक्की कशाने झालं ते मला कळव, मला खरंच जाणून घ्यायचंय.

इकडे शाडूच्या मूर्ती वाळायला पावसामुळे वेळ लागतोय, बाकी सगळं ठीक. आई म्हणते जेवणाचे हाल करू नकोस. आखणीला हात कमी पडतायत, दोन दिवस जरी सुट्टी मिळाली तरी ये.

तुझा,
बाबा