सोयाबीनचे वायदे सुरू करा

संपादक साहेब, नमस्कार. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने, म्हणजे शेअर अन वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सोयाबीन, चना, मूग, गहू, मोहरी, धान अशा सात मालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवायचे सौदे, बंद केले, सांगितलं होतं एक वर्षासाठी, पण मग मुदतवाढ देतच राहिले. महागाई रोखायची म्हणे. मग आमच्या भावाचं काय, ते कोण पाहणार?

वायदा चालू असला की पेरतानाच मोबाईलवर दिसते की दिवाळीनंतरच्या सौद्याला काय रेट चालू आहे, त्यावरून माल काढायचा का ठेवायचा ते ठरवता येते, आणि शेतकरी कंपनीला पुट ऑप्शन (थोडे पैसे भरून ठरल्या भावाने विकायचा हक्क) घेऊन कमीत कमी भाव तरी पक्का करता येते. आता बाजार समितीत अडत्या सांगेल तोच भाव.

सट्टा होते हे मान्य, पण त्यासाठी सेबीकडे मार्जिन (सौद्यासाठी आधी भरायची रक्कम) आहे, पोझिशन लिमिट (एकाने किती सौदे ठेवायचे याची मर्यादा) आहे, रोजची भाव मर्यादा आहे, ते कडक करा ना, बाजारच काहून बंद ठेवता? निदान सोयाबीन अन चना तरी कडक नियम लावून सुरू करा, आणि निर्णय पेरणीच्या आधी सांगा.

– एक सोयाबीन उत्पादक, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम