ज्या गाडीतून जाणार, तीच गाडी

लान्सिंग, मिशिगन
१९ जानेवारी

प्रिय मन्या,

तुझ्या कोथरूडच्या सेंटरचा डिस्चार्ज फॉर्म (पेशंटला घरी सोडताना भरायचा) मिळाला, रात्री निवांत बसून वाचला. चालणं, जिना, कमोड, पलंगावरून उठणं, सगळं नीट घेतलंयस. फक्त पेशंट तुझ्या दारातून घरापर्यंत जाणार कसा, ते कुठेच नाही. गाडीत बसणं-उतरणं हे कलम घालच, लेका. आग्रहाने सांगतोय, कारण इथल्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे दवाखान्यानंतर बरं व्हायला राहतात तिथे, घरी निघालेल्या म्हाताऱ्यांची सगळ्यात जास्त तारांबळ तिथेच होताना बघतो.

इथे मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पेशंटसाठी एमडीएस नावाचा लांबलचक तपासणी-फॉर्म भरावा लागतो. ऑक्टोबर २०१८ पासून त्यात कार ट्रान्सफर, म्हणजे गाडीत बसणं-उतरणं, आलं. पेशंट आल्यावर पहिल्या ३ दिवसांत एकदा बघायचं आणि जाताना शेवटच्या ३ दिवसांत पुन्हा. १ ते ६ असा आकडा द्यायचा: ६ म्हणजे कुणाची मदत नको, १ म्हणजे सगळं दुसऱ्यानेच करायचं. ३ ला मदतनीस निम्म्याहून कमी जोर लावतो, २ ला निम्म्याहून जास्त. मोजायचं एवढंच, की ड्रायव्हरशेजारच्या दाराने माणूस आत कसा जातो आणि बाहेर कसा येतो. दार उघडणं-लावणं, सीटबेल्ट, गाडीपर्यंत चालत जाणं, यातलं काही धरत नाहीत. गाडी मिळाली नाही किंवा हवा वाईट होती म्हणून करून बघता आलं नाही, तर १० लिहायचं.

मिशिगनच्या जानेवारीत १० लिहिण्याचा मोह फार होतो. पार्किंगमध्ये बर्फ साचलेला, वारा बोचरा, अशात वॉकर धरून चालणाऱ्या आजींना बाहेर न्यायला कुणाचंही मन होत नाही. त्यात २०१९ पासून मेडिकेअरकडून नर्सिंग होमला पैसे ज्या हिशोबाने मिळतात, त्यात पलंग, खुर्ची, संडास, चालणं हे येतं. गाडी येत नाही. माझ्या मते या कलमाची हेळसांड होते ती त्यामुळेच. काही ठिकाणी व्यायामाच्या खोलीत कार सिम्युलेटर, म्हणजे सरावासाठीची नकली गाडी, असतो आणि नियमाला तो चालतो. सरावाला मीही तो वापरतो. पण त्यावरून माणसाला घरी सोडायचा निर्णय मी घेत नाही.

एक शेतकरी आजोबा होते, उजव्या खुब्याचा सांधा बदललेला, शस्त्रक्रिया मागच्या बाजूने. म्हणजे खुबा ९० अंशांपुढे वाकवायचा नाही, पाय मध्यरेषेपलीकडे न्यायचा नाही. सिम्युलेटरवर झकास जमायचं. घरी जायच्या आदल्या दिवशी मुलाला म्हटलं, नेणार ती गाडी घेऊन या. तो पिकअप घेऊन आला. सीट आजोबांच्या कमरेच्या वर! मुलगा म्हणाला, मी उचलून ठेवतो. मी नको म्हटलं. मग लेकीची सेडान आणवली, तर ती इतकी बुटकी की बसताना गुडघे खुब्याच्या वर येणार.

ती सेडान आम्ही जमवली. फुटपाथला चिकटवून लावलेली गाडी रस्त्याच्या मध्याकडे सरकवली, म्हणजे आजोबा खाली रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांच्या मानाने सीट तेवढीच उंच झाली. सीट पार मागे ढकलली, पाठ कलती केली, वर एक घट्ट उशी आणि उशीवर प्लास्टिकची मोठी पिशवी. पोटऱ्या सीटला टेकेपर्यंत पाठमोरं मागे जायचं. हात डॅशबोर्डवर आणि सीटच्या पाठीवर. दारावर कधीच नाही, कारण दार हलतं. दुखरा पाय पुढे, डोकं सांभाळत आधी बूड टेकवायचं. मग मागे रेलून, पिशवीवरून सरकत, दोन्ही पाय आत. गाडी सुरू करण्याआधी पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागला की माणूसच घसरतो. शेवटी लेकीने माझ्यासमोर हे सगळं करून दाखवलं, काखेत हात न घालता कमरेच्या पट्ट्याला धरून. मी ३ लिहिला. सिम्युलेटरवर याच माणसाला ६ मिळाला असता!

तुझ्याकडे आरशातल्यासारखं उलट होईल, हे विसरू नकोस. इथे शेजारची सीट उजवीकडे, म्हणून आत वळताना डावा पाय आधी जातो आणि मागे राहिलेला उजवा मध्यरेषा ओलांडायला बघतो. तुझ्याकडे ती सीट डावीकडे, म्हणून डाव्या खुब्याच्या पेशंटला जास्त सांभाळ. वॅगनआरसारखी उंच गाडी असली तर बरं, ऑल्टोसारखी बुटकी असली तर उशी लागणारच. नेसूची साडी असेल तर सराव साडीतच घे. पाठमोरं जाताना निऱ्या टाचेखाली येतात.

आणि कोथरूडातून निम्मे पेशंट रिक्षानेच जाणार, नाही का? तिथे आधी बूड टेकवायची युक्ती चालत नाही. एका पायावर भार घेऊन, वाकून, वर चढावं लागतं. नव्या खुब्याच्या माणसाला मी तरी पहिले काही आठवडे रिक्षा नको म्हणेन आणि तसं फॉर्मवर स्पष्ट लिहीन. नातेवाईक "जवळच तर आहे" म्हणतील. ऐकू नकोस.

फॉर्ममध्ये आकड्याशेजारी तीन रकाने ठेव: कोणती गाडी, सोबत कोण, आणि त्या माणसाने तुझ्यासमोर करून दाखवलं की नाही. तिसरा रकाना रिकामा असेल तर डिस्चार्ज एक दिवस पुढे ढकल, मालक कुरकुरले तरी. घरी पोचल्यावर उतरणं उरतंच आणि तेव्हा तू तिथे नसतोस.

सुधारलेला फॉर्म पाठव, रविवारी फोन करतो. काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
नित्या