मशाली दिसल्या म्हणजे नाझी नव्हेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जर्मन लष्करी बँडचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले असून त्याखाली ‘हिटलरच्या काळातील मशालींच्या संचलनाची परंपरा आजही कायम’ अशी ओळ छापली आहे. पुण्यात बरीच वर्षे जर्मन शिकवताना हा समज मला वर्गात वारंवार खोडून काढावा लागला. आता तो छापूनच आल्यामुळे हे पत्र लिहिण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

छायाचित्रातील समारंभाचे नाव ‘ग्रोसर त्साप्फनश्ट्राइख’, म्हणजे मशालींच्या उजेडात होणारा जर्मन सैन्याचा मानवंदनेचा संगीतसोहळा. ‘त्साप्फन’ म्हणजे पिंपाचे लाकडी बूच आणि ‘श्ट्राइख’ म्हणजे फटका. जुन्या काळी भाडोत्री सैनिक संध्याकाळी गुत्त्यात जाऊन बसत. ठरलेली वेळ झाली की एक अधिकारी वादकांना सोबत घेऊन गुत्त्यागुत्त्यातून फिरे, पिंपाच्या बुचावर काठी हाणी, आणि त्यानंतर एक थेंबही ओतण्याची मुभा गुत्तेवाल्याला नसे. याच अर्थाच्या डच शब्दावरून इंग्रजीतील ‘टॅटू’ आला. एडिंबरोच्या ‘मिलिटरी टॅटू’ या लष्करी बँडच्या प्रसिद्ध सोहळ्याचे नाते गोंदणाशी नसून गुत्ते बंद करण्याच्या या हुकमाशी आहे, हे सांगितले की विद्यार्थी हमखास हसत.

प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने १८१३ मध्ये, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, मित्रराष्ट्र रशियाच्या सैनिकांची सायंप्रार्थना पाहून आपल्याही सैन्यात ती सुरू केली. पुढे या इशाऱ्याला आणि प्रार्थनेला एका संगीतसोहळ्याचे रूप दिले ते विल्हेल्म वीप्रेश्ट यांनी. झार निकोलस पहिला बर्लिनमध्ये पाहुणा असताना, १२ मे १८३८ रोजी, त्यांनी हजाराहून अधिक वादक आणि दोनशे ढोलवाले एकत्र आणून तो प्रथम सादर केला. वीप्रेश्ट हे पेशाने सैनिक नव्हते, दरबारी वाद्यवृंदातील वादक होते. बास ट्यूबा या वाद्याचे १८३५ चे पेटंट त्यांच्या आणि वाद्यनिर्माते मोरिट्झ यांच्या नावावर आहे, आणि आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये छातीशी धरून वाजवतात तो युफोनियम त्याच कुळातला. समारंभातील प्रार्थनेची चाल बोर्तन्यान्स्की या सेंट पीटर्सबर्गच्या दरबारी संगीतकाराची, तर बँड ज्या ‘यॉर्क मार्च’वर मैदानात येतो तो बेथोव्हेनचा. हिटलरचा जन्म १८८९ चा, हे वेगळे सांगायला नको.

मशालींबद्दलचा आक्षेप मात्र निव्वळ अज्ञानातून येतो असे मी म्हणणार नाही. ३० जानेवारी १९३३ च्या रात्री नाझींनी ब्रांडेनबुर्ग दरवाजातून मशाली घेऊन मिरवणूक काढली होती, आणि हिटलरच्या सैन्यानेही हा समारंभ वापरला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांसाठी तो संसदभवनासमोर झाला, तेव्हा खुद्द जर्मनीतच अनेकांनी ते दृश्य पाहून नापसंती व्यक्त केली. पण जर्मन नागरिकाने आपल्या इतिहासाच्या धास्तीने प्रश्न विचारणे वेगळे आणि आपण इथे बसून चुकीची ओळ छापणे वेगळे.

१९५५ मध्ये पश्चिम जर्मनीने ‘बुंडेसवेअर’ हे नवे सैन्य उभारले आणि हा समारंभ लोकशाहीच्या चौकटीत बसवला. आज तो मुख्यतः पायउतार होणारे राष्ट्राध्यक्ष, चॅन्सेलर, संरक्षणमंत्री आणि वरिष्ठ सेनाधिकारी यांच्यासाठी होतो, आणि त्यांच्या निरोपाला बँडने कोणती गाणी वाजवायची हे ती व्यक्ती स्वतः ठरवते. २ डिसेंबर २०२१ रोजी मावळत्या चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांनी निवडलेल्या तीन गाण्यांत पूर्व जर्मनीतील नीना हागेनचे १९७४ चे एक खट्याळ गाणे होते. फिरायला जाताना रंगीत फिल्म विसरलेल्या मित्राला त्यात एक मुलगी झापते. ते शिस्तबद्ध लष्करी वादक गंभीर चेहऱ्याने वाजवत होते आणि खुर्चीत बसलेल्या मेर्केलबाईंचे डोळे पाणावलेले दिसत होते. ‘हेल्म आब’ हा हुकूम झाला तेव्हा सगळ्यांची शिरस्त्राणे उतरली आणि मग प्रार्थना सुरू झाली. हे सर्व घडले ते बर्लिनच्या बेंडलरब्लॉकच्या आवारात, म्हणजे हिटलरच्या हत्येचा कट फसल्यानंतर श्टाउफेनबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुलै १९४४ मध्ये जिथे गोळ्या घातल्या गेल्या, त्याच वास्तूत.

हा मान मुकाट्याने दिला-घेतला जातो असेही नाही. प्रबंधातील उचलेगिरीमुळे राजीनामा द्यावा लागलेले संरक्षणमंत्री गुटेनबेर्ग यांनी २०११ मध्ये डीप पर्पलचे रॉक गाणे मागितले आणि लष्करी बँडने ते वाजवलेही. पुढच्याच वर्षी आरोपांमुळे पद सोडणारे राष्ट्राध्यक्ष वुल्फ यांनी रिवाजातील तीनऐवजी चार गाणी मागितली, तेव्हा बाहेर जमलेल्या निदर्शकांनी व्हुव्हुझेला फुंकून फुंकून त्यांचा निरोप बेसूर केला. त्याआधी, १९७४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष हाइनेमान यांनी तर हा समारंभच नाकारून ऱ्हाइन नदीवर नौकाविहार पत्करला होता.

राष्ट्रीय समारंभांचे वादन बर्लिनच्या ‘श्टाब्सम्युझिककोर’कडे असते. परदेशी पाहुण्यांच्या स्वागताला राष्ट्रगीते वाजवणे, हे त्याचे नेहमीचे काम. याशिवाय झीगबुर्गचा बँड प्रामुख्याने मैफलींसाठी आहे, आणि हेल्मुट श्मिट संरक्षणमंत्री असताना १९७१ मध्ये स्थापन झालेला ऑयस्किर्शनचा बिग बँड जॅझ आणि स्विंग वाजवतो. नव्या वादकांना हिल्डन येथील प्रशिक्षण बँडमध्ये राहून ड्युसेलडॉर्फच्या संगीत विद्यापीठात रीतसर शिक्षण घ्यावे लागते.

आपल्याकडे २९ जानेवारीला विजय चौकात होणारा ‘बीटिंग रिट्रीट’ हाही दिवस मावळतानाच्या लष्करी इशाऱ्यातूनच आलेला. २०२२ मध्ये त्यातून एक इंग्रजी प्रार्थनागीत वगळून सी. रामचंद्र यांची ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची चाल घेतली गेली, तेव्हा पत्रव्यवहाराच्या याच सदरात दोन्ही बाजूंची पत्रे वाचल्याचे मला आठवते. लष्करी बँडने वाजवलेल्या सुरांवर वाद झडणे आपल्यालाही नवीन नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढील अंकात दुरुस्ती छापावी. ती छापताना आणखी एक चूक सुधारता येईल. ओळीत ‘मशाली घेतलेले बँडवादक’ असे म्हटले आहे. मशाली धरणारे जवान बँडचे नसून ‘वाखबाटालिओन’ या मानवंदना देणाऱ्या तुकडीचे आहेत. वादकांचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले छायाचित्रातही स्पष्ट दिसतात.

आपली,
जर्मन भाषेची एक निवृत्त शिक्षिका, पुणे