मोरीपाशी म्हणता ते सोप्यात म्हणा

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, आणि आई जेवणाचं विचारून झालं की रेंज जाते म्हणते. म्हणून पत्रच लिहायला बसलो. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, म्हणजे दोघांनी एकदमच ऐकल्यासारखं होईल.

आधी एक सांगतो, घाबरू नका. जूनपासून मी आणि तुमची सून एका समुपदेशक बाईंकडं जातोय. मोडायला काही आलेलं नाही. पण एप्रिलमध्ये चिऊच्या शाळेवरनं आमचं वाजलं आणि मी बोलणंच टाकलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी रात्री चिऊ खोलीच्या दारात आली. फ्रॉकचं टोक पिळत म्हणाली, "आई म्हणतीय, जेवायला वाढलंय." आणि उत्तर घेऊन जायला तिथंच थांबली. सहा वर्षांची पोर. माझ्या पोटात धस्स झालं, कारण त्या जागी मी उभा राहिलोय.

मी चौथीत असताना बाबांनी काकांना गुऱ्हाळासाठी पैसे दिले होते, आईला न विचारता. चार दिवस अबोला. "तुझ्या बाबांना सांग, पाणी तापलंय." "तुझ्या आईला सांग, मला उशीर होईल." सोप्यातनं स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातनं सोप्यात. निरोप पोचवताना मी त्यात पदरचे दोन गोड शब्द घालायचो. पाचव्या दिवशी सकाळी उठलो तर तुम्ही दोघं चहा पीत बसलेला, काही झालंच नसल्यासारखं. आदल्या दिवशी मला गणितात दहापैकी दहा मिळाले होते. माझी खात्रीच झाली की त्यामुळं मिटलं. पुढं कितीतरी वर्षं घरात आवाज चढला की मी गुपचूप दप्तर आवरायला घ्यायचो. हे तुम्हाला आजवर कधी बोललो नाही.

समुपदेशक बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मार्क कमिंग्ज यांच्या कामाबद्दल वाचायला दिलं. अमेरिकेत नॉटर डेम विद्यापीठात या माणसानं अनेक वर्षं एकच गोष्ट तपासली: मोठी माणसं भांडताना मुलांचं काय होतं? घरात भांडण होणारच, हे ते धरूनच चालतात. प्रश्न आहे तो शेवटाचा. भांडण मिटलेलं मुलाच्या डोळ्यांसमोर आलं तर त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. आड मिटवलं आणि नंतर मुलाला तसं सांगितलं, तरीही फरक पडतो. आणि अबोला? मोठी माणसं त्याला शांतता समजतात, पण मुलांना तो आरडाओरड्यासारखाच कळतो. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो.

आई, गौरीच्या रात्री आपण दोघं भांडी विसळत होतो ते आठवतंय? मी म्हणालो, बाबा जन्मात कधी "चुकलं" म्हणाले नाहीत. तू हातातलं पातेलं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "तुला काय ठावं? तुम्ही पोरं झोपली की मोरीपाशी येऊन म्हणत्यात. त्या गुऱ्हाळाच्या टायमालाबी म्हणाले. गंगावेशीतनं दूध आणलं होतं तांब्याभर, ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, विचाराय पायजे होतं तुला. मी रडले तवा." चाळीस वर्षांचा झालो मी, आणि तेव्हा कळलं की ते भांडण माझ्या दहा मार्कांनी मिटलं नव्हतं.

बाबा, हे वाचताना तुम्ही थांबला असाल. थांबा हवं तर. पण मला तुमचा किती अभिमान वाटला त्या रात्री, ते सांगायचं राहिलं होतं.

दुसरी एक गोष्ट वाचली ती तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली. सिएटलला जॉन गॉटमन यांनी एका फ्लॅटसारख्या जागेतच प्रयोगशाळा मांडली आणि १३० नवविवाहित जोडप्यांना तिथं राहायला बोलावलं. बघितलं काय, तर एकजण काहीतरी किरकोळ बोलला की दुसरा त्याच्याकडं वळतो का. सहा वर्षांनी शोध घेतला. जी जोडपी टिकली होती ती अशा १०० वेळांपैकी ८६ वेळा वळलेली, जी मोडली ती ३३ वेळा. मला एकदम पावसाळ्यातली आपली सकाळ दिसली. बाबा पेपर उघडून कुणाला उद्देशून नाही असं म्हणणार, "पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३८ फुटांवर." आणि आई आतनं, फोडणी टाकता टाकता, "म्हणजे आणि एक फूट झालं की इशारा. धान्य माळ्यावर चढवा." ४३ ही धोक्याची पातळी आईला तोंडपाठ, का, तर बाबा वाचतात म्हणून. अबोल्याचे चार दिवस सोडले तर हे तुमचं कधी चुकलं नाही. मी मात्र घरी मोबाइलमधनं मान वर न करता "हं" म्हणतो. ते आता सोडायला लागलोय.

त्याच गॉटमन यांचं म्हणणं, नवरा-बायकोतले ६९ टक्के वाद कधीच सुटत नाहीत, माणसं ते घेऊनच संसार करतात. आई, तुमचं पंख्याचं भांडण त्यातलंच. बाबांना पाच हवा, तुला दोन.

गप्प बसण्याबद्दलही कळलं. रागात छातीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं ऐकूच येत नाही, आणि उतरायला निदान २० मिनिटं लागतात. बाबा अशा वेळी चपला घालून रंकाळ्यावर जायचे. ते बरोबरच होतं म्हणायचं. पण कधी येणार ते सांगायचे नाहीत, आणि आई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायची, ते मी बघायचो. मी आता सांगून जातो. "वीस मिनिटं खाली फिरतो, आल्यावर बोलू." आणि येतो.

गेल्या रविवारी पुन्हा वाजलं. संध्याकाळी तुमची सून कणीक मळत होती, चिऊ ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. मी तिथंच, चिऊसमोर म्हणालो, "सकाळी मी उगाच ओरडलो. चुकलं माझं." घसा कोरडा पडला होता. तिनं कणकेच्या हातानंच माझा दंड धरला. चिऊनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि पुढची शेंग फोडली.

दिवाळीच्या सुट्टीत ती पंधरा दिवस तुमच्याकडं राहणार आहे. तिच्यासाठी भांडण दाबून ठेवू नका, तिला ते कळतंच. पंख्यावरनं भांडा. फक्त बाबा, मोरीपाशी जे म्हणता ते एकदा सोप्यात म्हणा, ती जागी असताना. आणि आई, तू तेव्हा आत निघून जाऊ नकोस. तुम्हाला जड जाईल, माहीत आहे मला. माझ्यासाठी एवढं करा.

सोबतच्या कागदावर चिऊचं पाऊल पेन्सिलीनं काढून पाठवतोय. दसऱ्यापासून कोल्हापुरी चप्पल म्हणून डोकं खातीय. तिकडं मिळतील, करकर वाजणारीच घ्या, आणि मापापेक्षा अर्धं बोट मोठी. पाऊल वाढतंय.

तुमचा,
बाळू