भांडी धुतलेलं पाणी आमच्याच शिवारात येतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर डिशवॉशरची पावडर घरी कशी करायची याचे मेसेज फिरायलेत. करायचं मनात आहे ते चांगलंच आहे, पण त्यातल्या काही गोष्टी चुकीच्या आहेत आणि मी स्वतः त्यापायी नुकसान करून घेतलंय, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, हातानं भांडी घासायचं लिक्विड मशिनमध्ये घालायचं नाही, थोडंसुद्धा नाही. मेसेजमध्ये दोन चमचे लिहिलं होतं म्हणून मी घातलं तर आत फेसच फेस झाला, दारातून बाहेर फरशीवर आला आणि मशिन मधेच बंद पडलं. मशिन पाण्याच्या जोरावर धुतं, फेस झाला की तो जोरच मरतो. रिठ्याचं पाणी घाला असंही कोण कोण सांगतंय, पण रिठापण फेसच करतो.

मी आता करते ते असं. एक वाटी धुण्याचा सोडा आणि एक वाटी खाण्याचा सोडा मिसळून कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवायचं, आणि मशिन लावताना त्यातला एक मोठा चमचा घेऊन वर अर्धा छोटा चमचा लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) टाकायचं. लिंबूसत्व आधीच मिसळून ठेवलं तर आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओल धरून ते सोड्याशी फसफसतं आणि बरणीत दगड होतो. खरं काम धुण्याचा सोडा करतो, तो तेलकटपणा काढतो, आणि लिंबूसत्व बोअरच्या जड पाण्यातला क्षार धरून ठेवतं म्हणून काचेवर पांढरे डाग कमी पडतात. धुण्याचा सोडा नाही मिळाला तर खाण्याचा सोडा ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये २०० डिग्रीला तासभर ठेवायचा, त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तोच धुण्याचा सोडा होतो, वजन मात्र एक तृतीयांशापेक्षा जास्त घटतं. पावडर करताना हातात ग्लोव्ज घाला, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. आणि ब्लीचबरोबर लिंबूसत्व कधीच नको, विषारी क्लोरीन वायू होतो.

मीठ पावडरीत मिसळून उपयोग नाही, मशिनमध्ये मिठाची जागा वेगळी असते आणि तिथं डिशवॉशरचंच मीठ लागतं, घरचं आयोडीनवालं नको. अ‍ॅल्युमिनियमची पातेली या सोड्यात काळी पडतात, पितळ-तांबं, लोखंडी तवा आणि पोळपाट-लाटणं तर आत घालूच नका. विकतच्या टॅब्लेटमध्ये भाताची खळ नि दुधाचा थर तोडणारी एन्झाइम्स असतात, ती घरच्या पावडरीत नाहीत, त्यामुळे कुंद्याची कढई किंवा करपलेलं दूध आधी भिजवूनच ठेवावं लागतं. हे मेसेजवाले सांगत नाहीत आणि मग बायका एकदा करून सोडून देतात.

एवढा खटाटोप कशाला असं मला घरात विचारतात. आमचं शेत शहापूर शिवारात आहे. शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यात जातं आणि पावसाळ्यात नाला फुगला की तेच पाणी शहापूर-वडगावच्या भातात, आमच्या बासमतीत शिरतं. तिथनं पुढं ते मार्कंडेय नदीला, मग घटप्रभेला, कृष्णेला. डिटर्जंटमधलं फॉस्फेट पाण्यात गेलं की शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. युरोपियन युनियननं १ जानेवारी २०१७ पासून घरगुती डिशवॉशरच्या डिटर्जंटमध्ये एका धुण्यामागं ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस नको असा नियमच केलाय. माझ्या एका चमच्यानं नाला सुधरणार नाही हे मलापण कळतंय, नाल्यात काय काय येतं ते आम्ही बांधावर उभं राहून बघतोय, पण या घरच्या पावडरीत फॉस्फेट नाही, निदान माझ्या मोरीतनं तरी ते जाऊ नये असं वाटतं. विकतचंच वापरायचं असेल तर पाकिटावर फॉस्फेट नाही असं लिहिलंय का तेवढं तरी बघून घ्या.

गौरी-गणपती जवळ आलेत, घराघरात भांड्यांचा ढीग पडणार. त्याआधी तुमच्या घरगुती पानावर ही कृती छापाल का? आणि छापलीत तर ते लिक्विडचं तेवढं गाळू नका, नाहीतर अजून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फेस होईल.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव